अमेरिकेतली शाकारणी : वेदरायझेशनची मदत मिळवायची कशी

कोकणात मे महिना संपत आला की कौलं चाळून घेतात. फुटकी बदलायची, सरकलेली नीट बसवायची, आणि शाकारणी आटोपली की मग पाऊस कधीही येवो. अमेरिकेत अशी डागडुजी मुख्यतः थंडीसाठी करतात : घराच्या फटी बुजवायच्या, आतली ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही. त्याला वेदरायझेशन म्हणतात, आणि उत्पन्न कमी असेल तर त्याचा खर्च सरकार उचलतं. आपल्या लोकांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असतं. ज्यांना ठाऊक असतं ते म्हणतात, "छे, ते आपल्यासाठी नसतं." नोकरी गेलेली असते, घरात स्वेटर घालून बसायची वेळ आलेली असते, तरी हेच.

मी न्यूजर्सीत राहते आणि ओळखीतल्या ज्येष्ठांचे, नोकरी सुटलेल्यांचे असे अर्ज भरून देते. त्यातून जे समजलं ते क्रमानं सांगते. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवते, कारण निम्मी निराशा तिथूनच सुरू होते. घरात काय काय बसवून मिळणार हे घराची मोजणी (ऊब कुठून आणि किती निसटते याची तपासणी) ठरवते, आपली इच्छा नाही. आपल्याला नव्या खिडक्या हव्या असतात. घराला बहुतेक वेळा माळ्यावरची भोकं बुजवून हवी असतात.

कार्यक्रम कुणाचा आणि पैसा येतो कसा

१९७३च्या तेलसंकटानंतर, १९७६ साली अमेरिकी काँग्रेसनं कायदा करून वेदरायझेशन असिस्टन्स प्रोग्रॅम सुरू केला. सुरुवातीच्या काळात खिडक्यांना प्लास्टिक लावणं, फटी भरणं एवढंच चालायचं. आता त्याला मोजमापाचं शास्त्र जोडलं गेलंय, आणि आजवर ७० लाखांहून अधिक घरांचं काम झालंय. पैसा केंद्राच्या ऊर्जा खात्याचा असतो. तो राज्याकडे येतो आणि राज्य तो जिल्ह्या-जिल्ह्यातल्या स्थानिक संस्थांना देतं. या संस्था बहुधा कम्युनिटी ॲक्शन एजन्सी असतात. न्यूजर्सीत हे काम डिपार्टमेंट ऑफ कम्युनिटी अफेअर्स बघतं. म्हणजे वॉशिंग्टनला फोन करून उपयोग नाही. आपल्या काउंटीची एजन्सी गाठायची. ती सापडत नसेल तर २११ हा नंबर फिरवा आणि पिनकोड सांगा.

याच्या जोडीला लायहीप नावाची वेगळी योजना आहे. ती बिल भरायला मदत करते. वेदरायझेशन बिल कमी व्हावं म्हणून घर दुरुस्त करतं. बऱ्याच ठिकाणी दोन्ही अर्ज एकाच टेबलावर होतात, तेव्हा दोन्हींबद्दल विचारा. आणि ऐन जानेवारीत घर गरम ठेवणारी भट्टी बंद पडली असेल तर वेदरायझेशनच्या रांगेत थांबू नका. लायहीपमध्ये तातडीची मदत असते. घरात उष्णता नाही आणि जिवाला धोका आहे असं दिसलं तर १८ तासांत हालचाल करावी लागते, इतर तातडीच्या प्रकरणांत ४८ तासांत. फोनवर 'क्रायसिस' हा शब्द स्पष्ट उच्चारा.

पहिली पायरी : उत्पन्नाचा हिशेब

मूळ नियम असा, की कुटुंबाचं उत्पन्न केंद्राच्या दारिद्र्यरेषेच्या २०० टक्क्यांपर्यंत असावं. २०२५च्या आकड्यांप्रमाणे (अलास्का आणि हवाई सोडून) एकट्या माणसाला वर्षाला ३१,३०० डॉलर, दोघांना ४२,३००, तिघांना ५३,३०० आणि चौघांना ६४,३०० डॉलर. पुढे प्रत्येक माणसामागे ११,००० वाढवायचे. हे आकडे दर जानेवारीला बदलतात. राज्याला लायहीपची मर्यादा वापरायचीही मुभा आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये राज्याच्या मध्यम उत्पन्नाच्या ६० टक्क्यांचं माप धरतात. घरात कुणाला एसएसआय (कमी उत्पन्नाच्या वृद्ध-अपंगांना केंद्राकडून मिळणारा भत्ता) मिळत असेल तर पात्रता आपोआप होते.

दारिद्र्यरेषा हा शब्द ऐकूनच लोक मागं सरतात. चौघांना ६४ हजार म्हणजे पेट्रोलपंपावर किंवा दुकानात काम करणारी, डे-केअर चालवणारी, एका पगारावर आलेली कितीतरी घरं यात बसतात.

हिशेब करताना चुका होतात त्या इथं. उत्पन्न कर कापण्याआधीचं धरायचं. बेकारी भत्ता, सोशल सिक्युरिटी, पेन्शन, व्याज हे सगळं त्यात येतं. भाडं येत असेल तर खर्च वजा जाता उरलेलं येतं. पुण्यातल्या फ्लॅटचं भाडंही लपवू नका. शेअर विकून झालेला नफा, बँकेतल्या शिलकीतून काढलेले पैसे, टॅक्स रिफंड, एकदाच मिळालेली भेट, मुलाची कॉलेजची शिष्यवृत्ती हे मात्र धरत नाहीत. मुलगा दुसऱ्या राज्यातून दरमहा ठरावीक रक्कम पाठवत असेल तर ते उत्पन्न. दिवाळीला एकदा पाठवले तर ती भेट. आणि एका छपराखाली राहणाऱ्या सगळ्यांचं उत्पन्न एकत्र होतं. आयटीतल्या मुलाच्या घरी राहणाऱ्या आईवडिलांचा 'आमचं तर काहीच उत्पन्न नाही' हा मुद्दा म्हणूनच टिकत नाही.

व्हिसावर असाल तर थांबा. १९९६च्या कायद्यानं केंद्राच्या बऱ्याच मदतींसाठी नागरिक किंवा ठरावीक दर्जाचे स्थलांतरित अशी अट घातली. ग्रीनकार्डवाले त्या दर्जात येतात, एच-१बीवाले येत नाहीत. शिवाय ग्रीनकार्डचा अर्ज चालू असेल तर सरकारी मदतीचा त्यावर काय परिणाम होईल हे आपल्या वकिलाला आधी विचारा, शेजाऱ्याला नाही.

दुसरी पायरी : कागद

ओळखपत्र, घरातल्या सगळ्यांचे सोशल सिक्युरिटी नंबर, उत्पन्नाचे पुरावे, घराची डीड (मालकीचा दस्त) किंवा प्रॉपर्टी टॅक्सचं बिल, भाड्याचं असेल तर लीज, आणि गॅस-विजेची १२ महिन्यांची बिलं. बिलं कंपनीच्या संकेतस्थळावरून एका बैठकीत उतरवून घ्या. प्रत्येक कागदाची प्रत स्वतःकडे ठेवा आणि अर्ज दिला त्या दिवसाची पोच मागा. एका कार्यालयात आमचा पूर्ण गठ्ठा हरवला होता. पोच होती म्हणून रांगेतला नंबर तरी वाचला.

रांग लांब असते, काही महिन्यांची, कधी त्याहूनही मोठी. ६० वर्षांवरील व्यक्ती, अपंग, लहान मुलं असलेली कुटुंबं आणि ज्यांच्या उत्पन्नाचा मोठा वाटा बिलात जातो अशांना प्राधान्य असतं. यांपैकी काही लागू असेल तर फॉर्मवर ती खूण करायला विसरू नका. आपल्याकडे सासूबाईंचं वय लिहितात आणि 'घरात ज्येष्ठ नागरिक आहेत' हा चौकोन रिकामा सोडतात!

एक प्रश्न एजन्सी आधीच तपासते : या घराचं काम पूर्वी झालंय का? झालं असेल तर त्या तारखेपासून १५ वर्षं पुन्हा होत नाही. नियम घराला लागू आहे, माणसाला नाही. आधीच्या मालकानं ९ वर्षांपूर्वी करून घेतलं असेल, तर तुम्ही नवे आहात याला अर्थ नाही.

तिसरी पायरी : भाडेकरूंसाठी

भाड्यानं राहणाऱ्यांनाही मदत मिळते; मालकाची लेखी परवानगी लागते. मालकाशी बोलायला संकोच वाटतो, पण त्याचा फायदाच असतो हे त्याला सांगा. त्याच्याकडून एजन्सी एक करार घेते : केवळ या कामामुळे घराची किंमत वाढली म्हणून ठरावीक काळ भाडं वाढवायचं नाही. या कराराची प्रत तुमच्याकडे असलीच पाहिजे. काही ठिकाणी मालकाला थोडा वाटा उचलायला सांगतात.

मोठ्या इमारतीत साधारण ६६ टक्के घरं पात्र असावी लागतात. दोन किंवा चार घरांच्या इमारतीत निम्मी पुरतात. तीन मजली घरात खाली वर ओळखीचीच कुटुंबं राहत असतील तर सगळ्यांनी मिळून अर्ज केलेला बरा.

चौथी पायरी : मोजणीचा दिवस

या दिवसाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळा निकाल इथंच लागतो.

आदल्या दिवशी माळ्यावर जायचं झाकण मोकळं करा. ते बहुतेक घरांत कपाटाच्या वर असतं, आणि आपल्या घरांत त्या कपाटात भारतवारीच्या बॅगा रचलेल्या असतात. आमच्या ओळखीच्या एका काकूंकडे तपासनीस आला तेव्हा नऊ बॅगा निघाल्या. "अगं हळू, त्या निळीत बरण्या आहेत," काकू ओरडत होत्या, आणि तो बिचारा शिडी धरून अर्धा तास उभा. भट्टी आणि पाण्याच्या बंबाभोवतीही जागा करा. फायरप्लेस असेल तर आदल्या दिवसापासून पेटवू नका आणि राख काढून टाका. देवाजवळचं निरांजन त्या दिवशी सकाळीच शांत होऊ द्या. का, ते पुढे कळेल.

तपासनीस आधी बोलतो. कुठली खोली गार पडते, कुणाला दमा आहे का, सकाळी डोकं दुखतं का. ही चौकशी म्हणजे गप्पा नव्हेत, खरं सांगा. मग तो भट्टीचा धूर मोजतो, कार्बन मोनॉक्साइड बघतो, गॅसच्या जोडांवर गळतीचं यंत्र फिरवतो, माळ्यावरच्या आणि भिंतींतल्या इन्सुलेशनची (ऊब अडवणाऱ्या थराची) जाडी मोजतो, कधी फ्रिजला मीटर लावून तो किती वीज खातो हेही बघतो.

आणि मग येतो ब्लोअर डोअर. पुढच्या दाराच्या चौकटीत लाल किंवा काळं कापड ताणून बसवतात, त्यात खाली मोठा पंखा. सगळी दारं-खिडक्या बंद. पंखा घरातली हवा बाहेर ओढतो, आत-बाहेर दाबाचा फरक ५० पास्कल होईपर्यंत. आता बाहेरची हवा घरातल्या प्रत्येक फटीतून आत शिरायला लागते, आणि फायरप्लेसमध्ये राख राहिली असेल तर तीही आत ओढली जाऊन दिवाणखान्यात पसरते. त्या वेळी मिनिटाला किती घनफूट हवा जाते हा आकडा यंत्रावर दिसतो. तोच तुमच्या घराच्या गळतीचा आकडा. काकूंकडे पहिल्यांदा ३,४००च्या वर दिसला. काम झाल्यावर २,१००.

तपासनिसाकडे धुराची कांडी असते. काकूंनी विचारलं, उदबत्ती चालेल का? चालते, घरच्या घरी फटी शोधायला उदबत्ती वापरा असं ऊर्जा खात्याची माहितीही सांगते. फक्त पडद्यापासून लांब धरा. काकूंनी ती खिडकीपाशी धरली. धूर जेमतेम हलला. मग त्यानं ती त्यांच्या हातातून घेऊन स्वयंपाकघराच्या छतातल्या गोल दिव्याखाली नेली, आणि वर जाणारा धूर एकदम खाली दबून आडवा पळाला. काकू माझ्याकडे बघत राहिल्या. दहा वर्षं त्या खिडकीला दोष देत होत्या.

कारण साधं आहे. हिवाळ्यात गरम हवा वर चढते आणि छतातल्या भोकांतून माळ्यावर निसटते : दिव्यांच्या डब्यांभोवती, पाइप वर जातात तिथून, बाथरूमच्या पंख्याच्या कडेनं, माळ्याच्या झाकणाच्या फटीतून. ती जितकी वरून जाते तितकी गार हवा तळघरातून आत ओढली जाते. तुम्हाला गारठा खिडकीशी लागतो, भोक मात्र डोक्यावर असतं. म्हणून आधी माळ्यावरच्या फटी भरायच्या आणि मगच त्यावर इन्सुलेशन ओतायचं. हा क्रम उलटा करणारा कंत्राटदार भेटला तर त्याला थांबवा. वर इन्सुलेशनचा ढीग पडला की खालची भोकं पुन्हा कुणी शोधत नाही.

काय मिळतं, काय नाही

नियम असा : उपायावर खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरमागे त्या उपायाच्या आयुष्यात किमान एक डॉलरचं इंधन वाचलं पाहिजे. फटी भरणं, माळ्यावर सेल्युलोजचा थर (थंड राज्यांत तो १४-१५ इंचांपर्यंत जातो), भिंतीत दाबून भरलेलं इन्सुलेशन, डक्टचे (गरम हवा खेळवणाऱ्या नळ्यांचे) सांधे बंद करणं, भट्टीची दुरुस्ती आणि कधी बदल हे उपाय या गणितात बसतात. खिडक्या महाग, बचत थोडी, त्यामुळे क्वचितच बसतात. नवं छप्पर, साइडिंग (भिंतींवरचं बाहेरचं आवरण), रंगरंगोटी विसरा. प्रत्येक राज्याला आपल्या घरांवरचा सरासरी खर्च हल्ली ८ हजार डॉलरच्या आसपास ठेवावा लागतो. ही सरासरी आहे. एखाद्या घरावर जास्त, एखाद्यावर कमी.

जिवाच्या सुरक्षेचे उपाय या गणिताबाहेर असतात : कार्बन मोनॉक्साइडची घंटा, धुराची घंटा, हवा खेळती ठेवणारा पंखा. पंख्याबद्दल दोन शब्द. घर घट्ट झालं की आतली दमट हवा आतच राहते, म्हणून बाथरूममध्ये मंद गतीनं सतत चालणारा पंखा बसवतात. आपले लोक 'वीज कशाला जाळायची' म्हणून तो बंद करतात आणि पुढच्या वर्षी कोपऱ्यात बुरशी दिसते. चालू ठेवा. स्वयंपाकघरात चुलीवरचा हूड हवा बाहेर टाकतो की जाळीतून गाळून पुन्हा तुमच्याच तोंडावर सोडतो, हे तपासनिसाला विचारा, आणि रोज फोडणी होते हे आवर्जून सांगा. बाहेर सोडणारा हूड असेल तर त्याला मिनिटाला किमान १०० घनफूट ओढता यावं असं प्रमाण आहे.

१९७८च्या आधीचं घर असेल तर जुन्या रंगात शिसं असू शकतं. कामगार प्लास्टिक अंथरून, धूळ अडवून काम करतील. लहान मुलांना त्या खोलीपासून लांब ठेवा.

'डिफरल' आलं तर

मोजणीनंतर कधी पत्र येतं : काम तूर्त थांबवलं आहे. हा नकार नव्हे. छप्पर गळतंय, भिंतीत शंभर वर्षांपूर्वीची नॉब अँड ट्यूब वायरिंग आहे, बुरशी फार आहे, माळ्यावर व्हर्मिक्युलाइट आहे (करड्या-सोनेरी, चकाकणाऱ्या खड्यांसारखं दिसतं आणि त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, हात लावू नका), किंवा घरात इतकं सामान आहे की भिंतीपर्यंत पोचता येत नाही, अशी कारणं असतात. कारण लेखी घ्या. ते दूर केलं की काम पुढे सरकतं. २०२२पासून अशा दुरुस्त्यांसाठी 'वेदरायझेशन रेडिनेस' नावाचा वेगळा निधी आहे. एजन्सी आपणहून सांगेलच असं नाही. नाव घेऊन विचारा.

उत्पन्न जास्त असेल तर

तरीही मोजणी करून घ्या. मॅसॅच्युसेट्समध्ये मास सेव्ह (वीज-गॅस कंपन्यांचा कार्यक्रम) एक ते चार घरांच्या इमारतींची तपासणी फुकट करून देतं आणि इन्सुलेशनवर मोठी सूट देतं, उत्पन्न कितीही असो. न्यूजर्सीत कमी उत्पन्नवाल्यांसाठी वीज-गॅस कंपन्यांचा कम्फर्ट पार्टनर्स कार्यक्रम आहे. कॅलिफोर्नियात एनर्जी सेव्हिंग्ज असिस्टन्स आहे, त्याची मर्यादा दारिद्र्यरेषेच्या २५० टक्के. म्हणजे वेदरायझेशनमध्ये थोडक्यात हुकलेले तिथं बसू शकतात. खासगी तपासनीस घेतलात तर बीपीआयचं (अशा तपासनिसांना प्रमाणपत्र देणारी संस्था) प्रमाणपत्र बघा आणि ब्लोअर डोअर करणार का हे फोनवरच विचारा. टॉर्च घेऊन घरभर फिरणं म्हणजे मोजणी नव्हे. पोर्टलंड, ओरेगनसारख्या शहरात घर विकायला काढताना १ ते १० गुणांचा होम एनर्जी स्कोअर जाहीर करावाच लागतो. तिथं घर घेत असाल तर तो मागा.

जुने व्हिडिओ बघून एक अपेक्षा ठेवू नका. घराच्या ऊर्जा तपासणीवर १५० डॉलरपर्यंत आणि इन्सुलेशनवर जी केंद्राची करसवलत मिळायची, ती २०२५च्या ३१ डिसेंबरनंतरच्या कामांना बंद झाली आहे.

आणि दारावर येऊन 'सरकारी फुकट एनर्जी ऑडिट' म्हणत टॅबलेटवर सही मागणारा बहुधा सोलर विकणारा असतो. तुम्ही अर्ज केलेला नसताना एजन्सीचा माणूस दारात उभा राहत नाही. सही करू नका, बिल दाखवू नका.

काम झाल्यावर

कंत्राटदार गेला म्हणजे संपलं असं नाही. क्वालिटी कंट्रोल इन्स्पेक्टर येऊन काम तपासतो आणि ब्लोअर डोअरचा नवा आकडा घेतो. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही आकडे लिहून मागा. माळ्यावर त्याच्यासोबत शिडीवरून डोकावून बघा, किती इंच भरलंय ते दाखवणारी कागदी पट्टी खोचलेली असते.

मग हिवाळा येऊ द्या. बिल ताडून बघताना डॉलर बघू नका, दर वर चढतात. गॅसचे थर्म (बिलावरचं गॅसचं माप) आणि विजेची युनिटं बघा. एक जानेवारी दुसरीसारखी नसते, म्हणून नोव्हेंबर ते मार्चची बेरीज मागच्या वर्षीच्या त्याच पाच महिन्यांशी लावा, आणि त्या महिन्यांचे हीटिंग डिग्री डे (किती थंडी पडली याचं माप) हवामान खात्याच्या संकेतस्थळावर मिळतात त्यानं भागा. आकडा हललाच नसेल तर तपासणीचा कागद हातात घेऊन एजन्सीला फोन करा आणि दिवस मागून घ्या. काकूंचा हलला. त्यांचं म्हणणं वेगळंच आहे : आता दही एका रात्रीत लागतं.